रिकाम्या पेवाची हवा

१२ जानेवारी ९७, सातारा
पुन्हा घरी. महाबळेश्वरच्या हॉटेलातली नोकरी सोडली. भांडण वगैरे काही नाही. सकाळी उठलो, धुकं होतं, वाटलं पुरे. आईनं नुसतं ताट वाढलं. ते जास्त लागतं.

संध्याकाळी मावशी आली, दवाखान्यातनं थेट, पांढऱ्या साडीतच. सुजाताताईला सांगलीत एक माणूस पाहिजे. बाटल्या उचलायला, एम-एटी गाडी चालवायला, "आणि जवळ आपलं कुणीतरी असलेलं बरं." ताई म्हणजे मावशीची थोरली. पुण्याला पीएच.डी. करते. आमच्या दोन्ही घरांत मिळून ती एकटी शिकलेली. मी एफ.वाय. दोनदा.

मावशी : सुन्या, लक्ष राहील ना रे तुझं?
हो म्हणालो. खिडकीत कावळा चमचा घेऊन बसला होता, तिकडं बघत.

१९ जाने., हरिपूर (सांगली)
खोली नदीच्या बाजूला. अंगाला, कपड्याला, चहालासुद्धा हळदीचा वास.

ताईचा विषय एस्टीत कळला, कराड ते इस्लामपूर. दुसऱ्या सूर्यांभोवती ग्रह फिरतात. आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती सव्वा वर्षापूर्वी एक सापडला, पण तो भला मोठा, वायूचा गोळा. दगडी, आपल्यासारखा, अजून कुणाला दिसलेला नाही. दिसेल म्हणते. दिसला तरी ठिपकाच. त्याची फक्त हवा वाचता येईल, उजेडातनं. तेवढ्यावरनं सांगायचं, तिथं कुणी जिवंत आहे का नाही.

मी : मग हरिपुरात काय?
ताई : पेवं.

जमिनीत खणलेली हळदीची कोठारं. तोंड एवढंसं, माणूस हात वर करून जेमतेम उतरेल. आत रांजणासारखं पोट, दोन पुरुष खोल. हळद भरली की वर फरशी, फरशीवर माती, लिंपून गच्च. वर्ष वर्ष उघडत नाहीत. ताईनं प्रत्येकात सलाईनची नळी सोडून ठेवलीय, मावशीच्या दवाखान्यातली. सिरिंजनं आतली हवा ओढायची, बाटलीत भरायची, पुण्याच्या मशीनला द्यायची. एकेक पेव म्हणजे एकेक ग्रह. आत न बघता सांगायचं आत काय आहे.

वेडी आहे. पण ऐकत राहावंसं वाटतं.

३० जाने.
आज पहिल्यांदा पेव उघडताना बघितलं. मुकादम इराप्पाण्णा, पागोटं, कानडी शिव्या. फरशी काढून कालपासून तसंच उघडं ठेवलेलं. मग कंदील सोडला खाली. जळत राहिला. मग बिरू उतरला. बिरू माणदेशातला, घरी मेंढरं, पण दरवर्षी इकडं येतो.

खाली गेलेल्यानं बोलत राहायचं, असा इथला कायदा. काय वाट्टेल ते. वरचा एकजण तोंडाशी बसून ऐकणार, दुसरं काही करणार नाही. आवाज थांबला की विचारायचं नाही, ओढायचं. बिरू खालनं इराप्पाण्णाच्या बायकोनं काल केलेल्या आमटीला नावं ठेवत होता.

अण्णा : ऐकतोय रं मी!
खालनं : त्यासाठीच बोलतूय की!

ताईला विचारलं, कंदील विझला असता तर? म्हणाली, तिथल्या हवेत एक श्वास घेतला की झालं. गुदमरत नाही. कळतसुद्धा नाही. आधी पाय जातात.

८ फेब्रु.
ताईला तुलनेसाठी स्वच्छ हवा पाहिजे होती, उंचावरची. मला महाबळेश्वरला पाठवलं, बाटली घेऊन. पॉइंटवर जाऊन उघडायची होती. पण स्टँडवरच जुना दोस्त भेटला, तो टॅक्सी चालवतो. चहा, मग स्ट्रॉबेरीवाल्याकडं गप्पा. मग आठवलं, उघडली बाटली तिथंच.

आज पुण्यावरनं आकडा आला. ताईनं कागद माझ्यापुढं धरला. "या ग्रहावर फक्त डिझेल आहे." हसली. मीपण. परत जायचं आहे, पुढच्या रविवारी.

२२ फेब्रु.
काहीतरी बिनसलंय.

एक पेव शेठनं, पेवांच्या मालकानं, ताईला रिकामंच दिलंय. दिवाळीनंतर तिनं तसंच बंद करून घेतलं. आत काही नाही, नुसती माती आणि भिंतीला लावलेलं उसाचं पाचट. तुलनेसाठी. वहीत मी त्याला रि.पे. म्हणतो. त्यातली हवा बाहेरच्यासारखीच राहायला पाहिजे, थोडाफार फरक. आज नळीतनं हवा ओढून चुन्याच्या निवळीत सोडली. भरलेल्या पेवाची हवा सोडली की निवळी दुधासारखी होते, कारण आतले किडे-बुरशी श्वास घेऊन हवा खराब करतात.

रि.पे.ची पण दूध झाली. लगेच.

ताईनं तीनदा केलं. मग बाटली हातात घेऊन बसून राहिली. मी म्हटलं शेजारच्या पेवातनं झिरपलं असेल. "असेल." पाचट कुजलं असेल. "असेल." अण्णा उभे होते, त्यांनी विचारलं काय झालं. ताईनं सांगितलं, रिकाम्यात कुणीतरी श्वास घेतंय.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "आवं बाई, तुमी बंद केलं तवा म्या कंदील लावून बघितलं हुतं. काय नव्हतं."

९ मार्च
हळद यायला लागली. गड्यांची ओढाताण. अण्णांनी मला बसवलं बिरूच्या पेवाच्या तोंडाशी. "काय करायचं न्हाई, नुसतं ऐकायचं. जमंल न्हवं?"

जमतंय की. बिरू खाली पाचट नीट करत होता, बोलत होता. त्याची म्हातारी, त्याचा कुत्रा, जतच्या बाजारात कुणी कुणाला फसवलं. मग बांधावर घोरपड आली. एवढी मोठी! मान वर करून बघत होती, जीभ आत-बाहेर. मी इतक्या जवळनं कधी

पाठीत गुद्दा बसला. अण्णा. दोर ओढत होते, शिव्या देत. बिरू वर आला, तोंडात तंबाखू, गालात हसत. "काय झालं? जरा तोंड भरलं हुतं." सगळे हसले. मीपण.

१० मार्च
बिरूबरोबर नदीवर गेलो होतो. त्यानं आंघोळ करता करता सांगितलं.

"तंबाखू नव्हती गड्या काल. म्या मुद्दाम गप बसलो. नवा माणूस आला की मी असंच करतो. बघतो, कवा वडतोय."
"मग?"
"मग काय. तू न्हाई वडलंस."
बराच वेळ गप होतो म्हणाला. वरनं घोरपडीला तू काहीतरी बोलत हुतास ते आयकू येत हुतं म्हणाला. मग डुबकी मारली.

कुणाला सांगणार नाही म्हणाला. विचारलं नव्हतं मी.

३१ मार्च
दिवस मावळला की वायव्येला शेपटीचा तारा. सगळं गाव नदीकाठी. बाया हात जोडतात, अण्णा म्हणतात बरं न्हवं हे. ताई म्हणते घाण बर्फ आहे, सुंदर. तिनं बिरूला दाखवलं शेपूट सूर्याच्या उलट बाजूला असते, कारण सूर्याकडनं एक वारा सुटलेला असतो. बिरू : "म्हंजी वाऱ्याकडं पाठ. मेंढरागत."

मी एक शोध लावलाय. रि.पे.च्या नळीचं टोपण काढून उदबत्ती धरली. सकाळी धूर आत जातो. दुपार कलली की बाहेर येतो. रोज. ताई उड्या मारायला लागली. हवेचा दाब, सकाळी जास्त, दुपारी कमी. ढग आले की आणखी कमी. जमीन आपली आत घेते आणि सोडते. "सुन्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं रे!" थिसिसमध्ये माझं नाव घालणार म्हणते.

कुणी कौतुक केलं की मला तिथनं निघून जावंसं वाटतं, काय कळत नाही. पण दुपारी नळीशी हात धरला की तो गार श्वास हातावर येतो. रिकाम्यातनं.

६ एप्रिल
ताई पुण्याहून आली. तिच्या गाइड सरांनी ऐकून घेतलं नाही. नळी गळत असेल, पाचट असेल, अंदाजावर प्रकरण लिहायचं नाही. रि.पे. काढून टाक म्हणाले. ताई म्हणते तेच तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. उद्या कुठल्या तरी दगडी ग्रहाची हवा वाचली, हीच खूण दिसली, सगळं जग म्हणालं तिथं जीव आहे. आणि तिथं काहीच नसेल तर? किंवा होतं, सगळी हवा खाऊन मेलं, आणि हवा तेवढी तशीच राहिली?

"बाहेरनं बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, सुन्या."

तिला तळाची माती पाहिजे. भिंतीची खरवड, हवाबंद डब्यात. बाहेरची हवा लागायच्या आत, कारण हवा लागली की तिच्यात जे काही आहे ते बदलतं. म्हणजे पेव उघडायचं आणि वारं खेळायच्या आत उतरायचं.

मी : सिलिंडर लावून?
ताई : त्यातनं प्राणवायू सांडतो. तोच नकोय. आणि पेवाच्या तोंडातनं जातही नाही.
मी : मग?
ताई : एका दमात.

माहुलीला लहानपणी संगमात तिच्याइतका वेळ कुणी पाण्याखाली राहत नव्हतं. खरं आहे. आम्ही काठावर घाबरून रडायचो.

१४ एप्रिल, सातारा
जयंती. लेझमीत नाचलो, गुलाल डोळ्यात गेला. मावशीनं पुरणपोळी आणली.

"ताई बरी आहे ना रे? फोनवर आवाज वेगळा येतो."
बरी आहे.
मग तिनंच काढलं. तिकडं पेवाबिवात कुणी उतरत नाही ना? तिच्या वॉर्डात मागं विहिरीतला गाळ काढणारे दोघं आणले होते. एक पडला म्हणून दुसरा उतरला. "चेहरे इतके शांत होते रे. झोपल्यासारखे."
मी म्हटलं, मुकादम फार कडक आहे तिथला.
खोटं नाही बोललो काही. मिरवणूक वळली, ढोल इतका जवळ आला की बरं वाटलं.

२३ एप्रिल
अण्णांनी नाही म्हणून सांगितलं. ताई अर्धा तास समजावत होती.

अण्णा : तुमी खाली बोलणार का न्हाई?
ताई : दम धरलेला असेल अण्णा, कसं बोलू? आणि माझा श्वास लागला की नमुना बाटतो.
अण्णा : मंग माजा एक बी माणूस वर बसणार न्हाई. बोलत न्हाई त्यो मेल्याला, असं आमी धरतो.
ताई : सुनील बसेल.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. पाठीत गुद्दा घातलेला विसरले नव्हते. पागोटं सारखं केलं, गेले.

बिरू कोपऱ्यात पोती शिवत होता. म्हणाला, रहाट म्या वडतो. पण रहाटापासनं खालचं दिसत न्हाई. कवा वडायचं ते ह्यानंच सांगायचं.
नंतर मी त्याला गाठलं. का रे हो म्हणालास?
"ती बाई उतरणार हाय. मी असलो काय, नसलो काय. तुज्या एकट्याच्या हातात सोडू व्हय?"

१ मे
नदीवर सराव. ताईच्या छातीला दोर, हातात वेगळी सुतळी. ती पाण्याखाली सारखी सुतळी हलवणार, दुसरं टोक माझ्या बोटाला. सुतळी थांबली की मी ओरडायचं, बिरू ओढणार. पाचसहा वेळा केलं. मधेच तिनं मुद्दाम थांबवली. ओरडलो, वेळेवर. ताई वर आली, केस झटकून म्हणाली, "बघ! येतं तुला."

बिरू दोर गुंडाळत होता. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं.

तिला सांगायला पाहिजे. सांगितलं तर ती दुसरं कुणी शोधेल. दुसरं कुणी नाही. मग ती एकटीच

५ मे, औंध
इथं कशाला आलो माहीत नाही. माहीत आहे.

साताऱ्यातनं नवा दोर घेऊन निघालो. रहिमतपूरला गाडी बदलायची होती, समोर औंध लागलेली होती, चढलो. यमाईच्या डोंगरावर बसलोय. पायऱ्यांवर दोर शेजारी, लोक विचारतात कुठं विहीर काढताय. इथनं पूर्वेला सगळं उघडं माळरान दिसतं, बिरूचा मुलूख. त्याच्यावर ढग जमतायत, काळे, खालनं पिवळे. अजून पुढं गेलो तर म्हसवड, पंढरपूर, सोलापूर. ट्रकवर कुणीही घेतं मला. मी नसलो तर ती उतरणार नाही.

नाही. उतरेल. तेवढं ओळखतो तिला. बिरूला रहाटाला लावेल आणि अंदाजानं ओढ म्हणेल.

खाली एक पोरगी आईला विचारत होती, देवीला वर एकटीला भीती वाटत नाही का. उत्तर ऐकायचं राहिलं. शेवटची गाडी पकडतो.

९ मे, हरिपूर
काल रात्रीपासून आभाळ. वारा नाही. हळद उकडायच्या काहिली झाकून ठेवल्यात.

शेठचा निरोप : पुढच्या आठवड्यात नाही, उद्याच दुपारी पोती येणार. वळीव यायच्या आत सगळी पेवं भरून घ्यायची, रि.पे.सुद्धा. अण्णा निरोप सांगून गेले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, बाई, एक वरीस थांबा. पुढच्या साली म्या सोता शेठला मागून देतो.

ताई : पुढच्या वर्षी मी इथं नसेन अण्णा. सर मुदत देणार नाहीत.
अण्णा : मंग कुटं असणार?
ताई डबा पुसत राहिली. प्रश्न साधाच होता. पण कसातरीच वाटला.

दुपारी उदबत्ती धरली. धूर असा जोरात बाहेर आला की विझली.

१० मे, सकाळ
ताईनं काही खाल्लं नाही. नुसतं पाणी. खरवडायची पळी आणि डबा कमरेला बांधून बघितला, दोनदा. केस ओढून घट्ट बांधले, एकदम मावशीसारखी दिसली.

सांगितलं. चहा ओतत होती तेव्हाच बोललो, नाहीतर राहिलं असतं. बिरू मुद्दाम गप बसला होता ते. घोरपड. मी ओढलं नाही ते. अण्णांनी ओढलं.

ती किटली धरून तशीच.
"आत्ता सांगतोयस?"
"हो."
"किती वेळ गप होता तो?"
"माहीत नाही. तेच तर."

शिव्या देईल वाटलं. रडेल वाटलं. औंधचं पण सांगून टाकलं. ती बाहेर गेली, बिरूशी काहीतरी बोलली. बिरूनं मान हलवली. हो का नाही ते इथनं कळलं नाही. मग सुतळीचा गुंडा घेऊन आत आली.

"तोंड उघड."
"काय?"
"बोटाला नाही बांधायची. दातात धरायची. तोंड पेवाकडं, पालथा झोपून. दातात सुतळी असली की तुला बोलता येणार नाही, गाणं म्हणता येणार नाही, मान वळवता येणार नाही. हलायची थांबली की हात आपटायचा बाजूला काढलेल्या फरशीवर. बिरूला तेवढं ऐकू जातं, आत्ता विचारलं त्याला."
"आणि घोरपड आली तर?"
"चावू दे."

हसलो आम्ही दोघंही. मग थांबलो. एकाच वेळी थांबलो ते आवडलं नाही मला.

उदबत्ती लावून बघून आलो. सकाळी धूर आत जायला पाहिजे. नाही गेला. बाहेरही नाही आला. नळीच्या तोंडावर सरळ उभा राहिला, दोऱ्यासारखा. असा कधी बघितला नव्हता. ताईला दाखवला. बराच वेळ बघत होती.

"काय करू रे?" मला विचारलं. आजपर्यंत तिनं मला कधी सल्ला विचारला नव्हता, सांगितलंच होतं. मी म्हटलं थांब. म्हटलं जरा वेळ थांबू, धूर आत जाईपर्यंत, म्हणजे आतली हवा तोंडावर येणार नाही. पोती दुपारी येणार आहेत. मान डोलावली तिनं. पण कमरेचा डबा काही सोडला नाही.

खोलीच्या दारातनं दिसतंय, अण्णा आलेत. येणार नव्हते. लांब निंबाखाली बसलेत, इकडं पाठ करून. कंदील मात्र आणून ठेवलाय फरशीशी, पेटवलेला, दिवसाढवळ्या.

बिरू रहाटाला तेल घालतोय, कुरकुर थांबलीय. वही इथंच खोलीत ठेवतो, पेनसुद्धा. जवळ असलं की हात जातो.

धूर अजून उभाच आहे. थांबायचं सोडून ताई फरशीकडं निघाली. बिरू हाक मारतोय, आधी तिला, आता मला.

सुतळी दातात धरून बघितली. हळद लागते जिभेला.